काळा की क्रोम : निकॉन एफ निवडताना

पत्र : मी नाशिकला राहतो, वय ५२. गेल्या काही वर्षांपासून फिल्म कॅमेरे जमवतो आहे. झेनिट-ई, क्रोम रंगाचा ऑलिंपस ओएम-१ आणि वडिलांचा आग्फा क्लिक थ्री एवढाच माझा संग्रह आहे. आता निकॉन एफ घ्यायचे ठरवले आहे. मुंबईतील एका विक्रेत्याकडे दोन आहेत. एक क्रोम, साध्या प्रिझमचा (म्हणजे दृश्य पाहण्याचा वरचा काचेचा भाग प्रकाशमापकाशिवायचा), दिसायला स्वच्छ, पण एक सेकंद आणि अर्धा सेकंद या गतींवर त्याचे शटर अडखळते. दुसरा काळा, फोटोमिक एफटीएन फाइंडर (प्रकाशमापक असलेला दृश्यदर्शक) असलेला, कोपऱ्यांवर पितळ उघडे पडलेला, आणि त्याची किंमत पहिल्याच्या जवळजवळ पावणेदोन पट आहे. मित्र म्हणतात, काळाच घे, पुढे किंमत त्यालाच येते. पुतण्याचे म्हणणे असे, की क्रोम घेऊन तो काळा रंगवून घ्यावा, म्हणजे पैसे वाचतील. मला कॅमेरा कपाटात ठेवायचा आहे तसा वापरायचाही आहे, आणि पावसाळ्याची काळजी वाटते. काय करावे?

उत्तर : तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझा कौल स्पष्टपणे क्रोम बॉडीला आहे, आणि रंगवून घेण्याच्या सूचनेला तितकाच स्पष्ट नकार आहे. काळी बॉडी मी सरसकट बाद करत नाही. मात्र तिच्यासाठी पावणेदोन पट रक्कम मोजण्यापूर्वी ज्या गोष्टींची खात्री व्हायला हवी, त्यांतली एकही तुमच्या पत्रात आलेली नाही, आणि तुम्ही विक्रेत्याला त्या विचारल्या असतील असेही दिसत नाही. त्यामुळे आधी कारणे सांगतो, आणि कोणत्या परिस्थितीत माझे उत्तर उलटेल तेही सांगतो.

काळ्या कॅमेऱ्याला आज संग्राहकांमध्ये जो मान आहे, तो नेहमीच होता असे नाही. १९२५ साली लाइपझिगच्या वसंत व्यापारमेळ्यात पहिला लायका हा जर्मन कॅमेरा लोकांसमोर आला तेव्हा तो काळ्या एनॅमलचा होता आणि त्याच्या कळा व चकत्या निकेलच्या मुलाम्याच्या होत्या. तेव्हा काळा हाच साधा, नेहमीचा रंग होता. १९३०नंतरच्या काही वर्षांत लायकाने क्रोम मुलामा आणला आणि तो नवा, टिकाऊ, प्रगत म्हणून लोकांना आवडला. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पूर्ण पालटले : बहुतेक सगळे चांगले कॅमेरे क्रोममध्ये निघू लागले आणि काळा हा वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी मुद्दाम मागवायचा रंग झाला. १९५४ साली आलेल्या लायका एम-३चेच पाहा. त्याची एकूण संख्या सव्वादोन लाखांच्या आसपास आहे, पण कारखान्यातून काळ्या रंगात बाहेर पडलेले एम-३ जेमतेम तीन हजारांच्या घरात आहेत, आणि तेही १९५९पासून पुढचे. आजच्या चढ्या किमतीचे मूळ या कमी संख्येत आहे. नंतर पुन्हा उलटे झाले. १९७१चा कॅनन एफ-१, १९७८चा कॅनन ए-१ आणि १९८०चा निकॉन एफ-३ हे मुळात काळेच होते, त्यामुळे १९८०नंतरच्या दशकात वाढलेल्या पिढीला काळा कॅमेरा म्हणजे साधा कॅमेरा वाटतो आणि क्रोमचा कॅमेरा जुन्या काळाची आठवण करून देतो. हे एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की ‘काळा दुर्मीळ असतो’ हे विधान प्रत्येक मॉडेलपुरते स्वतंत्रपणे तपासावे लागते. काळा एम-३ दुर्मीळ आहे, काळा एफ-३ नाही, आणि काळा निकॉन एफ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो : क्रोमपेक्षा निश्चितच कमी, पण शोधल्यास सापडणारा.

निकॉन एफ १९५९ साली बाजारात आला आणि १९७०नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत बनत राहिला. एकूण आठ लाखांहून अधिक बनले. तुमच्यासारख्या नव्या संग्राहकाच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट आहे, कारण घाई करण्याचे काहीच कारण उरत नाही. आजचा काळा एफ हातून गेला तर पुन्हा कधी मिळणारच नाही, अशी भीती विक्रेत्याने घातली तरी ती मनावर घेऊ नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कॅमेऱ्याचा रंग पाहण्याआधी त्या रंगाखाली कोणता धातू आहे आणि रंग त्यावर कसा बसवला आहे, हे समजून घेतले पाहिजे. निकॉन एफचे वरचे पत्रे पितळेचे आहेत. क्रोम बॉडीत त्या पितळेवर विद्युत मुलामा चढवला जातो; तो धातूच असल्यामुळे कठीण असतो, घासला तरी सहज जात नाही आणि बारीक ओरखडे त्याच्या मंद झळाळीत मिसळून जातात. काळ्या बॉडीत त्याच पितळेवर काळा रंग दिलेला असतो. रंग मुलाम्याइतका कठीण नसल्याने जिथे बोटे, पट्टा आणि पिशवी रोज लागतात तिथे तो झिजतो आणि खालचे पितळ दिसू लागते. याउलट, सगळेच काळे कॅमेरे असे झिजत नाहीत. १९७१च्या लायका एम-५पासून काळा क्रोम हा प्रकार रुळला. तोही मुलामाच आहे, रंग नव्हे, म्हणून तो अधिक काळ टिकतो आणि त्याची छटा थोडी राखाडी व निस्तेज असते. १९८४च्या लायका एम-६मध्ये वरचा पत्रा पितळेऐवजी जस्ताच्या मिश्रधातूचा आहे, आणि त्यावर कालांतराने बारीक फुगे येतात हे अनेक मालकांनी पाहिले आहे. कॅनन एई-१चे वरचे आवरण तर एबीएस प्लॅस्टिकचे आहे, त्यावर क्रोमचा किंवा काळ्या धातूचा भास होईल असे काम केलेले आहे. त्यामुळे एई-१च्या काळ्या बॉडीसाठी जास्त पैसे देणाऱ्याने आपण नेमके कशाचे पैसे देतो आहोत याचा विचार जरूर करावा. निकॉन एफच्या बाबतीत दोन्ही रंगांखाली चांगले, जाड पितळ आहे, म्हणून हा प्रश्न विचारण्यास योग्य कॅमेरा तुम्ही निवडला आहे, असे मी म्हणेन.

तुमच्या समोरच्या काळ्या बॉडीवर पितळ दिसते, हे दोषाचे लक्षण नाही. संग्राहकांमध्ये अशा झिजेला उलट मोल आहे, आणि मलाही ते पटते. आपल्या घरातल्या जुन्या पितळी तांब्याच्या काठावर वर्षानुवर्षांच्या वापराने जशी झळाळी येते, तशीच ही खूण वापरातून आलेली असते. पण ती वापरातूनच आलेली असावी लागते. झिजलेल्या काळ्या कॅमेऱ्यांना मागणी आहे हे कळल्यापासून काही लोक काचकागदाने कोपरे घासून पितळ उघडे करतात, आणि लायका कंपनीने स्वतःच २०१५ साली हाताने झिजवलेल्या १२५ कॅमेऱ्यांची एक विशेष मालिका विकली. असे करणे मला पसंत नाही, कारण ज्या खुणेमागे कोणाचे काम नाही, प्रवास नाही, ती खूण मला रिकामी वाटते. तुमची पसंती वेगळी असू शकते, परंतु खरी झीज म्हणून पैसे देऊन घासलेली बॉडी घेणे हे मात्र कोणालाच परवडणारे नाही. खरी झीज ओळखणे फार अवघड नाही. पट्टा अडकवण्याच्या कड्यांभोवती, तळाच्या कडांना, प्रिझमच्या धारेवर आणि फिल्म पुढे सरकवण्याच्या तरफेवर ती आधी येते, सपाट मध्यभागी येत नाही. तिची कड पुसट असते. आणि उघडे पडलेले पितळ तपकिरी, शांत दिसते. घासलेल्या बॉडीवर पितळ ताज्या पिवळ्या रंगाचे असते, भिंगाखाली एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसतात आणि चारही कोपरे सारखेच झिजलेले असतात. एकच माणूस उजव्या हाताने वर्षानुवर्षे वापरत असलेला कॅमेरा चारही बाजूंनी सारखा झिजणे अशक्यच आहे.

त्याहूनही महत्त्वाची शंका अशी, की ही बॉडी कारखान्यातून काळीच निघाली होती का. मूळ क्रोम बॉडी नंतर काळी रंगवून अधिक किमतीला विकण्याचा प्रकार जगभर चालतो. निकॉन एफच्या बाबतीत नुसत्या क्रमांकावरून रंगाची खातरजमा होत नाही, त्यामुळे डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागते. झिजलेल्या जागी भिंगातून पाहा. काळ्याखाली थेट पितळ दिसले तर ते अनुकूल चिन्ह आहे. मध्ये चंदेरी थर दिसला तर क्रोमवर रंग दिला गेला आहे, हे नक्की समजा. मात्र चांगला कारागीर क्रोम पूर्णपणे काढूनच रंगवतो, म्हणून एवढ्यावर थांबू नका. कोरलेल्या अक्षरांच्या व अंकांच्या कडा तीक्ष्ण आहेत की रंगाने बुजून गोलावल्या आहेत ते पाहा. स्क्रूंच्या खाचा कोणी उघडल्याने खराब झाल्या आहेत का, स्क्रूच्या डोक्यावर रंग सांडला आहे का, तेही पाहा. निकॉन एफचा एक मोठा फायदा असा, की त्याचा फाइंडर एका बटणाने सुटा होतो. तो काढल्यावर खालच्या खाचेच्या भिंती दिसतात. तिथे कोणाचा हात पोचत नाही, म्हणून तिथला मूळ रंग जसाच्या तसा असायला हवा. बाहेर झिजलेला काळा आणि आत वेगळ्याच चमकेचा काळा असेल, तर विक्रेत्याला कारण विचारलेच पाहिजे.

याच सुट्या रचनेमुळे निकॉन एफमध्ये आणखी एक गडबड होऊ शकते. त्याचे मागचे झाकण आणि तळ मिळून एकच सुटा भाग आहे, आणि फाइंडरही सुटा आहे. म्हणजे वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे काळे भाग जोडून एक ‘काळा एफ’ उभा करणे कठीण नाही. वरचे पत्रे झिजलेले आणि तळ नवाकोरा, किंवा तळ झिजलेला आणि फाइंडर नवा, असे दिसले तर तो कॅमेरा एकत्र जगलेला नाही. वापरासाठी यात काही बिघडत नाही. पण काळ्या बॉडीसाठी वाढीव किंमत मागितली जात असेल तर ती अशा जोडणीला मिळू नये. क्रमांकाविषयी एक सावधगिरी येथेच सांगतो. निकॉन एफच्या क्रमांकाचे पहिले दोन अंक म्हणजे उत्पादनाचे वर्ष, असे पुष्कळ विक्रेते आत्मविश्वासाने सांगतात. ते चुकीचे आहे. १९५९ साली निघालेल्या पहिल्या कॅमेऱ्यांचेच क्रमांक ६४०००००च्या पुढे सुरू झाले होते, त्यामुळे ६४ने सुरू होणारा कॅमेरा १९६४चा ठरत नाही.

तुमच्या दोन कॅमेऱ्यांतला खरा फरक रंगापेक्षा फाइंडरमध्ये आहे, आणि तुमच्या पत्रात तुम्ही त्याला फारसे महत्त्व दिलेले दिसत नाही. साधे प्रिझम आणि फोटोमिक एफटीएन यांची किंमत वेगळी, स्वभाव वेगळा. १९६२पासून निकॉनने प्रकाशमापक असलेले फोटोमिक फाइंडर आणले आणि पुढे बहुतेक ग्राहकांनी तेच घेतले, म्हणून साधे प्रिझम आज कमी सापडते आणि सुटे घ्यायला गेल्यास महाग पडते. १९६८चा एफटीएन हा त्या मालिकेतला शेवटचा आणि सर्वांत सुधारलेला, पण त्यात लागणाऱ्या १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या आता बनत नाहीत, आतील झिजणाऱ्या भागामुळे मापकाचा काटा उड्या मारतो, आणि अनेकांत तो काटा कायमचा झोपलेला असतो. काळ्या एफटीएनचा मापक चालतो की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही. तो बंद असेल, तर पावणेदोन पट किमतीत तुम्ही एक जड, निष्क्रिय फाइंडर आणि एक काळी बॉडी घेत आहात, आणि त्या बॉडीवर साधे काळे प्रिझम बसवायची इच्छा पुढे कधीतरी होईलच, तेव्हा त्याचा खर्च वेगळा. क्रोम कॅमेऱ्यात साधे प्रिझम आधीच आहे. मात्र त्यातून पाहताना कडेला काळे डाग किंवा खालून वर चढत गेलेली काळपट रेघ दिसते का, ते नीट बघा. जुन्या प्रिझमच्या मागचा चंदेरी मुलामा उडून असे डाग पडतात आणि ते दुरुस्त होत नाहीत, प्रिझमच बदलावे लागते.

मला क्रोम निकॉन एफ अधिक आवडतो, याला एक सौंदर्याचे कारणही आहे आणि ते मी लपवणार नाही. या कॅमेऱ्याच्या रूपाला आकार देणाऱ्यांत युसाकू कामेकुरा हे जपानी आरेखनकार होते. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकचे लाल वर्तुळाचे भित्तिपत्रक त्यांचेच. एफचे टोकदार, त्रिकोणी प्रिझम आणि सरळ, सपाट पृष्ठभाग या सगळ्यांतून त्यांची शिस्त दिसते. क्रोमवर प्रकाश पडला की प्रत्येक पृष्ठभाग वेगळ्या छटेत उजळतो आणि तो आकार वाचता येतो. काळ्यात सगळे पृष्ठभाग एकत्र मिसळतात आणि कॅमेरा एकसंध, गंभीर दिसतो. काही जणांना नेमके तेच हवे असते, त्यांच्याशी माझा वाद नाही. परंतु एखादा कॅमेरा त्याच्या आरेखनासाठी जमवायचा असेल, तर ते आरेखन ज्या रंगात स्पष्ट दिसते तो रंग संग्रहात असावा असे मला मनापासून वाटते.

काळा रंग वापरायला सोयीचा असतो, असा युक्तिवाद तुमचे मित्र करतीलच. तो खोटा नाही. फ्रेंच छायाचित्रकार ओंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपल्या लायकाचे चमकणारे भाग काळ्या चिकटपट्टीने झाकले होते, हे प्रसिद्ध आहे. नाटकाच्या प्रयोगात, मंदिराच्या अंधाऱ्या गाभाऱ्याबाहेर, काचेतून चित्र घेताना किंवा रस्त्यावर कोणाच्या लक्षात न येता काम करायचे असेल तेव्हा काळी बॉडी कमी चमकते आणि काचेत तिचे प्रतिबिंबही कमी उमटते. पण निकॉन एफच्या बाबतीत हा लाभ मर्यादित आहे. चित्र घेताना आत उचलल्या जाणाऱ्या त्याच्या आरशाचा आवाज एवढा मोठा असतो, की पहिल्या चित्रानंतर समोरच्याला तुम्ही तेथे आहात हे कळतेच. आणि ज्या दिवशी खरोखर चमक नको असेल त्या दिवशी काळ्या कापडी चिकटपट्टीचा एक तुकडा क्रोमवर लावता येतो. काम झाल्यावर तो त्याच दिवशी काढून टाका, कारण महिनोन्‌महिने राहिलेला गोंद मुलाम्यावर डाग सोडतो. उन्हाचा मुद्दाही तुमच्या शहरात गौण नाही : मे महिन्याच्या दुपारी काळा धातू लवकर तापतो. अर्थात बंद गाडीत कोणत्याच रंगाचा कॅमेरा ठेवू नये, तिथे फिल्म आणि वंगण दोन्हींचे नुकसान होते.

पुढे किंमत काळ्यालाच येते, हे मित्रांचे म्हणणे अर्धे खरे आहे. लिलावांत काळ्या रंगाला मोठ्या रकमा मिळाल्या आहेत. छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांच्यासाठी बनवलेल्या काळ्या लायका एम-३डींपैकी एक २०१२ साली व्हिएन्नाच्या लिलावात १६ लाख ८० हजार युरोंना गेला. पण तिथे किंमत रंगाला नव्हती. नोंद असलेल्या मालकाला, मोजक्या संख्येला आणि शंकेपलीकडच्या अस्सलपणाला होती. बाजारात साध्या काळ्या एफला क्रोमपेक्षा जास्त पैसे मिळतात हे खरे, मात्र ते तेव्हाच मिळतात, जेव्हा घेणाऱ्याला रंग मूळचा असल्याची खात्री पटते. ती खात्री तुम्हाला आज पटत नसेल, तर उद्या तुमच्याकडून घेणाऱ्यालाही पटणार नाही, आणि तुम्ही दिलेली वाढीव रक्कम तुमच्याकडेच अडकून राहील.

पुतण्याच्या सूचनेविषयी थोडे कठोरपणे लिहितो, कारण हा निर्णय परत फिरवता येत नाही. क्रोमवर रंग नीट बसत नाही, म्हणून आधी मुलामा रसायनाने काढावा लागतो. मग पितळ घासून गुळगुळीत करावे लागते, आणि त्या घासण्यात कोरलेली अक्षरे व अंक उथळ होतात. रंग भट्टीत पक्का करावा लागतो, अक्षरांत पांढरा रंग पुन्हा भरावा लागतो, आणि यासाठी कॅमेरा पूर्ण खोलावा लागतो. एवढे सगळे उत्तम झाले तरी तयार होतो तो क्रोमचा मूळ कॅमेरा गमावून बनवलेला काळा कॅमेरा, ज्याला संग्राहक ना क्रोमची किंमत देतात ना अस्सल काळ्याची. साठ वर्षे जपून राहिलेला मुलामा आपल्या हाताने काढावा, असे मला कधीच वाटणार नाही. एकाच परिस्थितीत मी रंगवण्याला हरकत घेणार नाही : मुलामा आधीच खरवडून गेलेला, खड्डे पडलेला, संग्रहाच्या दृष्टीने संपलेला कॅमेरा असेल आणि तो केवळ वापरासाठी हवा असेल तर. तेव्हाही रंग कधी व कोणी दिला याची चिठ्ठी कॅमेऱ्यासोबत ठेवावी, म्हणजे पुढच्या मालकाची फसवणूक होणार नाही. क्रोम काढण्याची रसायने घातक असतात, घरी हा प्रयोग अजिबात करू नये.

क्रोम बॉडीचे शटर मंद गतींवर अडखळते, याने खचून जाऊ नका. इतक्या वर्षांत जुने वंगण सुकून चिकट होते आणि एक सेकंद, अर्धा सेकंद या गती सांभाळणारी छोटी दंतचक्रे अडतात. बरेच दिवस न वापरलेल्या कॅमेऱ्यात हे सर्रास आढळते आणि चांगल्या कारागिराच्या हातून सर्व्हिसिंगने ठीक होते. निकॉन एफचे शटर-पडदे टायटॅनियमच्या पातळ पत्र्याचे आहेत, त्यामुळे कापडी पडद्यांप्रमाणे उन्हाने भोके पडण्याची भीती त्यांना नाही, पण त्यांवर मोठी घडी किंवा चीर पडलेली नाही ना, हे झाकण काढून पाहा. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार परिसरात कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. तिथे चौकशी करून, यांत्रिक शटर उघडण्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या माणसाकडेच काम द्या आणि खर्चाचा अंदाज आधी घ्या. तो खर्च धरूनही क्रोम कॅमेरा काळ्यापेक्षा बराच स्वस्त पडेल, आणि उरलेल्या पैशांत एक चांगली लेन्स येईल.

पावसाळ्याबाबत. बुरशी काचेला लागते, तिला बॉडीचा रंग कळत नाही, त्यामुळे दोन्हींची काळजी सारखीच. कॅमेरा चामडी केसमध्ये ठेवू नका. चामडे ओल धरून ठेवते आणि त्याच्या संपर्कात पितळेवर हिरवा कळंक चढतो. क्रोममध्ये जिथे मुलाम्याला सुईच्या टोकाएवढे छिद्र असते तिथून असा कळंक बाहेर येतो. तो लाकडी काडीने आणि मऊ ब्रशने हलकेच काढावा, धातूचे टोक लावू नये. काळ्या बॉडीवरचे उघडे पितळ तपकिरी होते ते तसेच राहू द्यावे, आणि पितळेची भांडी उजळण्यासाठी आपण वापरतो ती पीतांबरी, चिंच किंवा कोणतेही पॉलिश त्याला लावू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा, किंवा जमल्यास कोरडे कपाट घ्या आणि आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखा; त्याहून फार कोरडे झाले तर वंगण आणि लेदरेटचा (बॉडीवरच्या कृत्रिम चामड्याचा) गोंद बिघडतो. दर पंधरवड्याला कॅमेरा बाहेर काढून सगळ्या गतींवर शटर मारा, आणि वापरल्यावर घाम पुसून मगच आत ठेवा.

आता माझे उत्तर कधी उलटेल ते सांगतो. काळ्या बॉडीची फाइंडरखालची आतली बाजू, अक्षरे, स्क्रू आणि झीज या सगळ्या परीक्षांत ती अस्सल ठरली, तळ आणि फाइंडर एकाच आयुष्यातले वाटले, एफटीएनचा मापक चालत असला किंवा तो बंद असल्याचे मान्य करून विक्रेत्याने किंमत खाली आणली, आणि क्रोमच्या प्रिझममध्ये मात्र काळे डाग निघाले, तर काळा घ्या आणि निश्चिंत मनाने वापरा. तुमच्या मनात मुळापासून काळाच असेल, तर क्रोम हा पर्याय म्हणून घेऊन मन मारू नका. थांबा आणि खात्रीचा काळा येईपर्यंत पैसे बाजूला ठेवा. पण तुमच्या पत्रात काळ्याची ओढ मला मित्रांच्या शब्दांत दिसली, तुमच्या शब्दांत नाही.

विक्रेत्याला आजच फोन करा आणि चार गोष्टी मागा : दोन्ही कॅमेऱ्यांचे फाइंडर काढून घेतलेली छायाचित्रे, प्रिझममधून दिसणाऱ्या चौकटीचे छायाचित्र, काळ्याच्या झिजलेल्या कोपऱ्यांची जवळून घेतलेली छायाचित्रे, आणि एफटीएनच्या मापकाविषयी लेखी उत्तर. लेन्स घेताना एवढे लक्षात ठेवा, की एफटीएनच्या मापकाशी जोडण्यासाठी डायफ्रामच्या (आत येणारा प्रकाश कमीजास्त करणाऱ्या भागाच्या) कड्यावर धातूचा छोटा द्विशृंगी काटा असलेली जुनी निक्कोर, म्हणजे निकॉनची लेन्स, लागते, साध्या प्रिझमला ती अट नाही. क्रोम बॉडीवर पुढची कड चंदेरी असलेली त्या काळातली ५० मिमी एफ/२ निक्कोर शोभून दिसते आणि ती परवडण्याजोग्या किमतीत मिळतेही.